पूल उभा, भराव गेला: पुरानंतर गावाचा रस्ता पुन्हा कसा सुरू करायचा

पूर ओसरल्यावर आपल्याकडच्या, मराठवाड्यातल्या ओढ्या-नाल्यांवर बहुतेक वेळा एकच देखावा असतो. पुलाचा स्लॅब जागच्या जागी, खालून पाणी जाणाऱ्या नळ्याही बऱ्याचशा शाबूत, आणि दोन्ही तोंडांचा भराव मात्र खालच्या शेतात जाऊन पडलेला. मधे पूल, दोन्हीकडे घळ. पलीकडे शे-दोनशे घरं, त्यांचं दूध, काढणीला आलेलं सोयाबीन. दवाखाना, शाळा, आडत अलीकडे.

२०२५ च्या ऑगस्टात नांदेडच्या मुखेड तालुक्यात लष्कर बोलवावं लागलं, सप्टेंबरात धाराशिवच्या परंडा-भूम भागातून माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. कॅमेरे तेवढ्यापुरते येतात. त्यानंतरचं चिखलातलं काम गावाला, ग्रामपंचायतीला आणि एखाद्या शाखा अभियंत्यालाच करायचं असतं. माझी सगळी नोकरी ग्रामीण रस्त्यांवर गेली, म्हणून हे टिपण. शिकलो ते बरंचसं स्वतःच्या चुकांमधून, त्यातली एक पुढे सांगतो.

आधी रस्ता गेला कसा ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नळकांडी पुलाच्या तोंडाशी पुरात वाहून आलेला काडीकचरा अडकतो. वेडी बाभूळ मुळासकट येते आणि आडवी बसते. तिच्यात पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचं पाचट, जलपर्णी गुंतते. हल्ली सगळ्यात वाईट म्हणजे ठिबकच्या नळ्या आणि मल्चिंगचा कागद. हे दोन्ही मिळून त्या ढिगाला सुतळीने शिवल्यासारखं करतात. पुलाखालच्या नळ्या बंद झाल्या की त्याच्या वरच्या अंगाला तळं साठतं, पाणी चढतं आणि सगळ्यात सखल जागा शोधतं. ती जागा बहुधा स्लॅबवर नसते, जोडरस्त्यावर असते. भरावावरून पाणी पलीकडे उडी मारतं, खालची साइडपट्टी खायला लागतं, आणि खात खात मागे येऊन रस्ता फोडतं.

थंड देशांत हेच बर्फाने होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला नदीवरचा बर्फ फुटतो, त्याच्या लाद्या वळणावर किंवा पुलाशी अडकतात आणि मागचं गाव बुडतं. अलास्कात युकॉन नदीकाठचं गालेना गाव मे २०१३ मध्ये असंच बुडालं होतं. आपल्याकडे बर्फाच्या जागी बाभळी. फरक इतकाच की बर्फ आपोआप वितळतो, आपला ढीग पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच राहतो.

पाणी उतरत असताना

पहिले काही तास हातावर हात ठेवून बसायचं असतं आणि तेच लोकांना जमत नाही. बसल्या बसल्या एक काम करा. पाणी जिथे टेकलंय तिथे खुंटी ठोका आणि दर अर्ध्या तासाने नवीन ठोका. खुंट्यांमधलं अंतर बघितलं की पाणी कोणत्या वेगाने उतरतंय ते कळतं. उतरता उतरता ते थांबलं किंवा पुन्हा वर सरकलं, तर वर कुठेतरी पाऊस झालाय किंवा धरणातून विसर्ग वाढलाय असं समजा. मांजरा, तेरणा, सीना-कोळेगाव, माजलगाव, यांपैकी ज्याच्या खाली तुमचं गाव येतं त्याच्या विसर्गाचा आकडा तलाठ्याकडून किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाच्या १०७७ क्रमांकावरून घेत राहा.

गढूळ पाण्याखाली रस्ता आहे की घळ, हे वरून दिसत नाही. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान कारला तरंगवतं; दोन फूट असेल तर जीपही सरकते. ट्रॅक्टरवाल्यांना आपलं चाक मोठं म्हणून भरवसा असतो. पण चाकाखालचा भरावच नसेल तर चाकाच्या उंचीचा काय उपयोग? दोन्ही बाजूंना बैलगाडी आडवी लावा, दोरी बांधा आणि रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन दोन माणसं बसवा. आडवा बांबू लोक बाजूला सारतात, बैलगाडी सारत नाहीत.

दरम्यान पलीकडच्या लोकांची यादी करा. आशाताईंकडे ती अर्धी तयारच असते: दिवस भरत आलेल्या बायका, डायलिसिसवाले, इन्शुलिनवाले, तान्ही बाळं. रस्ता किती दिवसांत हवा हे ही यादी ठरवते. आठव्या महिन्याच्या पुढची बाई आणि डायलिसिसचा पेशंट पाणी गुडघ्याखाली आल्यावर पहिल्या संधीला अलीकडे नातेवाइकांकडे आणून ठेवा, परिस्थिती सुधारायची वाट बघू नका. नेताना दोरी दोन्ही काठांवरच्या झाडांना घट्ट बांधलेली हवी आणि माणसं दोरीच्या खालच्या अंगाने (प्रवाह जातो त्या बाजूने) चालायला हवीत, म्हणजे पाय सुटला तरी दोरी हातात राहते. दोरी कमरेला बांधून कुणालाही पाण्यात उतरवू नका. पाय घसरला तर तीच दोरी माणसाला पाण्याखाली धरून ठेवते.

दुधाचं म्हणाल तर भूम भागातल्या लोकांना सांगायला नको. संकलनाची गाडी येत नसेल तर भट्टी पेटवायची आणि खवा करायचा. चार दिवस निभावतं.

हात लावण्याआधी फोटो

जेसीबी येण्याआधी फोटो काढा. ढीग अडकलेला असताना एक, घळीत माणूस किंवा टेप उभा धरून एक, आणि पुलापासून दोन्हीकडे भराव नक्की किती मीटर गेलाय ते दाखवणारे दोन. मोबाईलमध्ये तारीख आणि ठिकाण उमटवायची सोय असते, ती चालू करा. गावाने उत्साहात सगळं साफ केलं आणि आठवड्याने पंचनाम्याला आलेल्या माणसाला दाखवायला काहीच उरलं नाही, असं मी अनेकदा पाहिलंय.

रस्ता कुणाचा हे त्याच दिवशी शोधा. साधारणपणे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर कडेचा फलक वाचा. काम संपल्यापासून पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते आणि तारखा फलकावर असतात. त्या मुदतीत असाल तर दुरुस्ती मागणाऱ्या तुमच्या पत्राची भाषा बदलते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५० प्रमाणे तातडीच्या कामासाठी निविदेची नेहमीची प्रक्रिया बाजूला ठेवता येते. पत्रात हे कलम लिहा. वाचणाऱ्याला ते माहीत असतं, पण तुम्हालाही माहीत आहे हे त्याला कळलेलं बरं.

मग तपासणी. पाणी पूर्ण उतरल्यावर पहार घेऊन जा. स्लॅबच्या दोन्ही टोकांपासून मागे जात दर दोन फुटांवर पहार आपटा. भरीव जमिनीचा आवाज बसका येतो. खाली पोकळ असेल तर आवाज घुमतो आणि पहार हाताला झिणझिण्या न आणता आत जाते. डांबराचा थर वर तसाच आणि खालचा मुरूम गायब, अशी जागा सगळ्यात घातक. ती घणाने मुद्दाम फोडा, उघडी करा. रस्त्याच्या कडेला समांतर भेगा दिसल्या तर तो काठ अजून सरकतोय. तिथे मशीन उभं करू नका. पुलाच्या खालच्या अंगाला पाणी पडून डोह झाला असेल तर काठीने खोली मोजा. डोह पायाच्या खाली गेला असेल, विंगवॉल (पुलाच्या तोंडाशी असलेली तिरकी भिंत) कलली असेल किंवा स्लॅबला नवी भेग असेल, तर पुलावरून काहीही नेऊ नका आणि थेट वळणरस्त्याचा, म्हणजे शेजारून तात्पुरत्या रस्त्याचा, विचार करा. हा निर्णय अभियंत्याचा; सरपंचाच्या भिडेखातर तो बदलू नये.

ढीग काढणं

घाई केली तर माणूस जातो तो या कामात. नळीच्या तोंडाशी पाणी ओढलं जात असतं, ती ओढ वरून दिसत नाही. त्यामुळे वर पाणी साठलेलं असेपर्यंत कुणीही ढिगावर चढायचं नाही, नळीत शिरायचं नाही आणि पुलाच्या खालच्या अंगाला उभं राहायचं नाही. ढीग सुटला की साठलेलं तळं एका लोंढ्यात खाली येतं. खालच्या वस्तीला, मोटारी काढायला गेलेल्या शेतकऱ्यांना, गुरं घेऊन बसलेल्यांना आधी सांगा. नुसता फोन पुरत नाही, माणूस पाठवा.

लांब हाताचं पोकलेन घट्ट काठावर उभं करून कडेकडेने थोडं थोडं काढायचं. मधला मोठा ओंडका, ज्याच्यावर बाकीचं रचलंय, तो शेवटी. आधी एक नळी मोकळी होऊ द्या, पाणी फूटभर उतरू द्या, मग पुढची. ठिबकच्या नळ्या मशीनने ओढू नका. त्या दहा-पंधरा फूट ताणल्या जातात आणि सुटल्या की चाबकासारख्या येतात. पाणी गेल्यावर कोयत्याने कापा. वाकून अडकलेल्या बाभळीचंही तसंच: करवत ताणलेल्या बाजूने लावली तर खोड फाटून अंगावर येतं.

ढिगात साप असतातच. घोणस, नाग, मण्यार पाण्याने बिळातून निघून याच काडीकचऱ्यात बसतात. बूट, काठी आणि दिवसाचा उजेड एवढं तरी पाळा. मेलेली जनावरं सापडली तर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, पंचनामा करा, मग विहिरी-बोअरपासून लांब खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

काढलेला कचरा पुलाच्या पलीकडे ढकलून देऊ नका. दोन किलोमीटर खाली तो दुसऱ्या गावाच्या पुलाला लागतो. पुराच्या खुणेच्या वर नेऊन टाका.

वळणरस्ता

मूळ भराव परत भरायचा की शेजारून वळण काढायचं? पूल धडधाकट असेल आणि भराव पाच-सात मीटरच गेला असेल तर भरा. त्याहून जास्त असेल किंवा पुलाविषयी शंका असेल तर वळण. वळण सहसा खालच्या अंगाच्या शेतातून जातं. त्या शेतकऱ्याची लेखी संमती घ्या, उभ्या पिकाचा पंचनामा आधी करून घ्या आणि रब्बीच्या पेरणीआधी दगड-मुरूम उचलून जमीन परत देऊ असं लिहून द्या. त्याच्या सोयाबीनवरून गाव जाणार असतं, त्याला दोन दिवस आधी चहाला बोलवायला काही हरकत नाही.

आता माझी चूक. पहिल्या पोस्टिंगला अशाच एका ओढ्यावर मी दोन दिवसांत वळण काढून दाखवलं होतं. ६०० मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्या, वर शेजारच्या शेतातली काळी माती, तिच्यावर मुरमाचा हात फिरवलेला. साहेबांनी पाठ थोपटली. बांधावर बसलेला एक म्हातारा तेवढा म्हणाला, "सायेब, हितं पुरात बैलगाडीची चाकं येत्यात वाहून. तुमच्या नळीत माझं टोपलंबी जायचं न्हाई." आठव्या दिवशी परतीचा पाऊस झाला आणि नळ्या अर्धा किलोमीटर खाली उसात सापडल्या.

त्या म्हाताऱ्याचं गणित साधं होतं. ६०० च्या नळीचं तोंड ०.२८ चौरस मीटर, १२०० च्या नळीचं १.१३. एका मोठ्या नळीत चार लहान नळ्यांएवढं पाणी मावतं, वर तिच्यात बाभळीची फांदी सरळ निघून जाते. मिळत असेल तर १२०० घ्या, निदान ९००. एक नळी अडीच मीटर लांब असते, म्हणजे एकेरी वाहतुकीच्या रस्त्याला तीन जोडल्या की साडेसात मीटर, साइडपट्टीसकट पुरतात. १२०० ची एक नळी तीन टनांच्या आसपास भरते. ती जेसीबीच्या बकेटला साखळी लावून उचलायचा मोह होतो. करू नका, हायड्रा क्रेन किंवा पोकलेन मागवा.

नळ्या बसवण्याआधी तळातला गाळ खरवडून घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत जा. काळ्या रानात तो लागतच नाही. मग डबराचं (मोठ्या दगडांचं) हाताने रचलेलं सोलिंग करा, फटींत मुरूम भरा. अगदीच रुतत असेल तर जुने लोक पऱ्हाट्यांच्या पेंढ्या रस्त्याला आडव्या दाबून बसवायचे आणि त्यावर दगड टाकायचे. हंगामापुरतं ते चालतं, पुढे कुजतं. त्यावर १५ सेंटिमीटर मुरमाची बैठक. साडेसात मीटरांत तीन इंच उतार पुरे, आणि नळीचं तोंड ओढ्याच्या तळाशी जुळलेलं हवं. वर राहिलं तर पाणी खालून वाट काढतं. दोन ओळींमधे हातभर जागा सोडा, नाहीतर तिथे धुमस (मुरूम ठोकायचं अवजार) जात नाही आणि नेमकी तीच फट पुढे फुटते.

भराव मुरमाचाच. काळी माती ओली झाली की फुगते, लोण्यासारखी होते. वाळली की भेगाळते. रस्त्याखाली ती दोन्ही वेळा दगा देते. मुरूम वीतभर थरांत टाका, प्रत्येक थर दाबा. ओल बरोबर आहे का हे मुठीत कळतं: मूठ आवळल्यावर गोळा व्हायला हवा, पण तळवा ओला व्हायला नको. पाणी सुटलं तर तो मुरूम पसरून वाळू द्या, रोलर त्यावर फिरवून उपयोग नाही. नळीच्या दोन्ही कुशीत एकदम, सारखं भरत वर या. एकाच बाजूने भरलं तर नळी सरकते. माथ्यावर किमान दोन फूट मुरूम हवा.

वळणरस्ता उंच करू नका, हे लोकांना पटत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आपल्याकडे पाऊस परततो, आणि तात्पुरत्या नळ्यांतून पूर जाणारच नाही. म्हणून रस्ता मधोमध बशीसारखा सखल ठेवा, जेणेकरून चढलेलं पाणी नळ्यांच्या माथ्यावरून जाईल आणि जोडरस्त्यांना हात लावणार नाही. पाणी जिथून उडी मारणार त्या खालच्या उतारावर मोठे दगड जाळीत बांधून ठेवा. जाळी नसेल तर वाळूची पोती चालतात: दोन तृतीयांशच भरायची म्हणजे सपाट बसतात, तोंड आत दुमडून, विटांसारखी सांधेमोड करत रचायची. वरून पाणी जाऊन दोन तास रस्ता बंद राहिला तरी चालतो. पाणी उतरल्यावर फावड्याने गाळ ओढला की तो सुरू होतो.

सुरू झाल्यावर

आधी रिकामा ट्रॅक्टर, मग भरलेला. प्रत्येक वेळी नळीच्या माथ्यावर किती दबलं ते सुतळी ताणून बघा. बोटभर दबणं ठीक, वीतभर दबलं तर उकरून पुन्हा. ॲम्ब्युलन्स आणि दुधाची गाडी पहिल्या दिवशी, हायवासारखा अवजड डंपर आठवडाभर नाही.

दोन्ही कडांना लाल-पांढरे खांब रोवा, त्यांवर रेडियम पट्टी लावा. एका खांबावर रस्त्याच्या पृष्ठाच्या पातळीला ठळक रेघ मारा; पाणी रेघेला लागलं की साखळी लावायची. साखळीची किल्ली कुणाकडे, हे नावानिशी ठरवा. "कुणीतरी लावेल" म्हटलं की कुणी लावत नाही.

खरी परीक्षा दिवाळीच्या आसपास, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटल्यावर. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर या वळणावरून जायचा नाही. एक ट्रॉली काठावर सोडायची, दुसरी पलीकडे ठेवून यायचं, मग राहिलेली न्यायची. ड्रायव्हर कुरकुरतात, वीस मिनिटं जातात. ऊसतोड टोळीच्या मुकादमाशी आणि कारखान्याच्या चिटबॉयशी (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याशी) हे आधीच बोलून ठेवा.

कायमच्या पुलासाठी

पुराची सर्वोच्च खूण महिनाभरात पुसली जाते. भिंतीवरची गाळाची रेघ, लिंबाच्या फांदीला अडकलेलं पाचट, मारुतीच्या देवळाची किती पायरी बुडाली, हे सगळं ऑइलपेंटने रेघ मारून, तारीख घालून ठेवा. अभियंता लेव्हल लावायला येईल तेव्हा त्याला याहून मोलाची वस्तू तुम्ही देऊ शकत नाही.

या भागात पूल छोटे का, याला इतिहास आहे. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे ओढ्याला रुंद पूल मागणाऱ्याला लोक हसत. नंतर ओढ्यांचं खोलीकरण-रुंदीकरण झालं, ते चांगलंच झालं. पण वरचा ओढा पंधरा मीटर झाला आणि पुलाचं तोंड दोन नळ्यांचंच राहिलं, अशा जागा मी स्वतः मोजल्यात. खाली कोल्हापुरी बंधारा असेल तर त्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळ्याआधी निघालेत का, हेही तपासा. बरगे अडकून राहिले की पाणी मागे फुगून तुमच्या पुलापर्यंत येतं, आणि दोष पुलाला लागतो.

ग्रामसभेच्या ठरावात "नवीन पूल व्हावा" एवढंच लिहू नका. पुराची खूण रस्त्यापासून किती उंच होती, ढीग कोणत्या नळीला आधी लागला, भराव किती मीटर गेला, ओढा वर किती रुंद आहे, हे आकडे घाला. नळ्यांऐवजी मोठ्या गाळ्याचा काँक्रीटचा चौकोनी बॉक्स पूल मागा, कारण गाळा जितका रुंद तितकी बाभूळ अडकायची कमी. जोडरस्त्यांना खालच्या अंगाने दगडी पिचिंग (उतारावर दगडांचं अस्तर) मागा. अंदाजपत्रकात पहिली कात्री तिथेच लागते. ठरावाला सुरुवातीचे ते चार फोटो जोडा, आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा. दरम्यान शाखा अभियंत्याची बदली झालेली असेल आणि नवीन आलेला पहिला प्रश्न विचारेल, "पाणी कुठपर्यंत आलं होतं?"